कुंडीतून रानात

घाणेरी, म्हणजे परदेशातून आलेली टणटणी, कुणी चोरून आणली नाही. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेचं झुडूप म्हणून लावली गेली. रंग पालटणारे फुलांचे झुबके, शिवाय कुंपणाला लावली तर जनावर तोंड लावत नाही, मग आणखी काय हवं? पुढचं, बी पसरवण्याचं काम बुलबुल-साळुंक्यांनी केलं. आज सह्याद्रीच्या उतारांवर टणटणी इतकी रुळली आहे की पुष्कळांना ती इथलीच वाटते.

जलपर्णीही अशीच आली. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांसाठी 19 व्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या तळ्यांत पोचली, आणि तिथून कालव्यांत नि भातखाचरांत. होड्या अडल्या, पीक बुडालं. 1936 मध्ये बंगालने खास जलपर्णी कायदा करून ती आपल्या आवारात ठेवायलाच मनाई केली. तोवर फार उशीर झाला होता. पवना किंवा इंद्रायणीच्या पुलावर उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

गाजर गवत परदेशी धान्याबरोबर आल्याचं मानलं जातं. म्हणून तण म्हणजे चुकून घुसलेलं, असा आपला समज झाला. हौसेने आणलेल्यांची आठवण कुणी ठेवत नाही. खरं तर फाटा खोचला की लागतं, पाणी कमी पडलं तरी जगतं, कीड धरत नाही, या गुणांवर नर्सरीतलं रोप खपतं आणि याच गुणांवर तण रान बळकावतं.

विकण्याआधी रोपाची चौकशी करावी, हा विचार मात्र अलीकडचा. ऑस्ट्रेलियाने 1997 पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक नव्या वनस्पतीला 49 प्रश्न लावले. त्यांतला सर्वांत कामाचा ठरलेला प्रश्न अगदी साधा आहे: ही दुसरीकडे कुठे तण झाली आहे का? 2001 मध्ये न्यूझीलंडमध्ये रोपवाटिकाधारक आणि सरकारी यंत्रणांनी करार करून ठरावीक वनस्पतींची विक्री, वाढ आणि वाटप थांबवलं. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला व्यावसायिकांसाठी ऐच्छिक आचारसंहिता ठरली: आपल्या भागात काय पसरतं ते तज्ज्ञांना विचारा, ते विकणं टप्प्याटप्प्याने बंद करा, गिऱ्हाइकाला पर्याय द्या. इंग्लंडने मात्र 2014 मध्ये पाच पाणवनस्पतींच्या विक्रीवर सरळ बंदीच घातली.

आपल्याकडे 1914 च्या 'विनाशकारी कीटक व कीड' कायद्याचा भर पिकांवरच्या कीड-रोगांवर राहिला. उपद्रवी परकीय प्रजातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला तो वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने. 2023 मध्ये गुजरातने रस्त्याकडेला सर्रास लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या लागवडीवर बंदी आणली.

खरी अडचण व्यापाराच्या साखळीत आहे. आंध्रातल्या कडियमहून गाडीभर रोपं येतात आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या रोपवाटिकांच्या रांगेत किंवा आपल्या नाक्यावर विकली जातात ती 'आइसक्रीम वेल' असल्या नावांनी. शास्त्रीय नाव वाटेतच गळतं. नाव नसेल तर उपद्रवी वनस्पतींची यादी कितीही चांगली असो, पडताळणार काय? म्हणून जाणते रोपवाटिकावाले खरेदीच्या पावतीवरच शास्त्रीय नाव मागतात. मेक्सिकोचा केशरी कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर पसरलेला पाहून त्याऐवजी तेरडा, गोकर्ण पुढे करता येतो. आणि पिशवीतल्या मातीकडेही बघावं लागतं: रोप निर्धोक असलं तरी न कुजलेल्या शेणखतातून गाजर गवताचं बी गिऱ्हाइकाच्या अंगणात फुकट जातं.