वायरीला कल्हई

मे महिन्यातली रात्र. दिवे जाऊन आले, मी रेकॉर्ड लावली आणि डाव्या स्पीकरमधून ‘घूं’ असा एकसुरी आवाज सुरू झाला. मागची पिन जराशी दाबली की थांबायचा, बोट काढलं की पुन्हा सुरू. केबल विकतची होती. करंगळीएवढी जाड, वर कापडी वेणी, टोकांना सोनेरी आरसीए पिना, म्हणजे ऑडिओ यंत्रांच्या मागे बसणाऱ्या गोल पिना. पिनेचं टोपण फिरवून मागे सरकवलं तेव्हा दुखणं सापडलं. मधल्या तारेला नीट डाख (सोल्डर) दिलेला होता, पण तिच्याभोवतीची तांब्याची जाळी नुसती पत्र्याच्या चिमट्यात दाबलेली होती. केसासारख्या त्या तारांपैकी चार-पाचच पत्र्याला टेकलेल्या होत्या. बाकीच्या तुटलेल्या, काळपट हिरव्या पडलेल्या.

त्या रात्रीपासून घरातली प्रत्येक ऑडिओ केबल मी स्वतः बनवतो. ज्यांच्या घरी जुना अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी आहे, त्यांनी एकदा तरी हे करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. पैसे वाचतात, शिवाय केबलमध्ये काय महत्त्वाचं आणि काय नुसतं दिखाऊ, ते हाताला कळतं.

केबलचं काम एकच, या टोकाला आलेला विद्युत संदेश त्या टोकाला जसाच्या तसा पोचवणं. सूर गोड करणं तिच्या हातात नाही. तिला फक्त वाटेत काही गमावता येतं, नाहीतर बाहेरचा गोंगाट आत घेता येतो. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की कोणती केबल कुठे किती गमावते.

स्पीकरच्या वायरीपासून सुरुवात करू. दुकानात ती १४/७६, ४०/७६ अशी मागतात. पहिला आकडा तारा किती तो, आणि ७६ म्हणजे प्रत्येक तार ०.००७६ इंच जाडीची. सोलापुरात हे वाचणं अवघड जाऊ नये. आपल्याकडे सूत २/२० म्हटलं की २० काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले, हे मागावर बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. काउंट वाढला की सूत बारीक होतं, तसा गेजचा नंबर वाढला की तारही बारीक होते. घराच्या वायरिंगची वायर मात्र चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणून ती ‘दीडची’, ‘अडीचची’.

आता हिशेब. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार लागते. १४/७६ ची जाडी ०.४१ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे एकूण रोध ०.४२ ओहम. अडीचची घेतली तर जेमतेम ०.०७. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम छापलेलं असतं, पण तो नाममात्र आकडा आहे. सुरागणिक स्पीकरचा अडथळा बदलत राहतो, कुठे ५ ओहम तर कुठे ३०. बारीक वायर लावली की ५ ओहमच्या जागी सुमारे ०.७ डेसिबल हरवतं आणि ३० च्या जागी ०.१. सगळे सूर सारखे उतरले असते तर आवाजाचं बटण थोडं फिरवून भागलं असतं. इथे काही सूर जास्त दबतात, काही कमी, आणि गाण्याचा पोत बदलतो. अडीचच्या वायरीत हीच तफावत ०.१ डेसिबलवर येते आणि ती कानाला जाणवत नाही. माझ्या घरी वायरिंग करणारा वायरमन हे आकडे न मांडताच म्हणाला होता, “दीडची कशाला, अडीचची न्या की साहेब.” त्याचा सल्ला भौतिकशास्त्राला धरून होता.

अडीचच्या पुढे जाऊन चांदीची तार घ्यावी का? चांदीचा रोध तांब्यापेक्षा साधारण ६ टक्क्यांनी कमी असतो. आणि तांब्याचा स्वतःचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जानेवारीच्या रात्री खोलीत २० अंश आणि मेच्या दुपारी ४० अंश धरले, तर त्याच वायरीचा रोध ८ टक्क्यांनी बदलतो. आपल्या गावातला ऋतूचा फरक तांबं आणि चांदी यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे! त्याहून मोठी गोष्ट स्पीकरच्या पोटात घडते. मोठ्या आवाजात तिथली तांब्याची कॉइल १०० अंशांच्या वर तापू शकते आणि तिचा रोध तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. आणि सोन्याचं म्हणाल तर ते तांब्यापेक्षा कमी प्रतीचं वाहक आहे. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो तो सोनं गंजत नाही म्हणून. ते कारण खरं आहे, आणि पिनांपुरतंच खरं आहे.

मग सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शंभर मीटरवर टांगलेले कर्णे इतक्या बारीक वायरीवर कसे चालतात, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडायचा. त्याचं उत्तर महावितरणच्या उच्चदाब वाहिन्यांसारखंच आहे. लांबच्या कर्ण्यांसाठी अँप्लिफायर १०० व्होल्टच्या लाइनवर आवाज पाठवतो आणि कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर दाब उतरवून घेतो. १० वॉटचा कर्णा थेट ८ ओहमवर जोडला तर वायरीतून १.१ अँपिअर प्रवाह जातो, १०० व्होल्टवर फक्त ०.१. वायरीतला ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे सुमारे १२५ पटींचा फरक पडला. शंभर मीटर १४/७६ चा जाऊन-येऊन रोध ८.४ ओहम. थेट जोडणीत अर्ध्याहून जास्त दाब वाटेतच संपला असता. १०० व्होल्टच्या लाइनवर एक टक्कासुद्धा जात नाही. घरातल्या स्पीकरला ही सोय नसते, म्हणून तिथे तांब्याची जाडी हवी.

तांब्याचीच, हे मात्र घासून पाहावं. स्वस्त स्पीकर वायरीत आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. एक तार चाकूने खरवडली आणि खाली पांढरी निघाली तर ती घेऊ नका. उलट वरून पांढरी आणि आत लाल निघाली तर ती कथील चढवलेली तांब्याची तार, बिनधास्त घ्या.

प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामधल्या केबलचं शास्त्र वेगळं आहे. इथे प्रवाह इतका कमी असतो की जाडीला काही अर्थ उरत नाही. इथला शत्रू बाहेरचा गोंगाट. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. विजेच्या तारा आणि मोटारी यांच्याभोवती सेकंदाला ५० आवर्तनं करणारं चुंबकीय क्षेत्र असतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की असं बदलतं क्षेत्र तारेच्या वेढ्यातून गेलं की त्या वेढ्यात वीज निर्माण होते. जाणारी आणि येणारी तार यांच्यामधली फट म्हणजे असाच एक लांबट वेढा. यावरचा उपाय टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये सुचवला, तो म्हणजे दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळणं. सुताला पीळ देतात तो ताकदीसाठी. तारांच्या पिळात प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला वेढ्याची बाजू उलटते, त्यामुळे एका वेढ्यात आलेली घूं पुढचा वेढा पुसून टाकतो. शिवाय बाहेरून तांब्याची जाळी गुंडाळली की विद्युत क्षेत्रही अडतं.

म्हणून मी दोन पिळलेल्या तारा आणि वर जाळी अशी मायक्रोफोनची केबल वापरतो. एक तार संदेशाला, दुसरी परतीला, आणि जाळी फक्त प्लेअरच्या बाजूला परतीच्या तारेशी जोडायची, दुसऱ्या टोकाला मोकळी ठेवायची. जाळीवर परतीचा भार राहत नाही. एक महत्त्वाची सूचना इथेच देतो. घूं जात नाही म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थिंगची तार तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ती जीव वाचवण्यासाठी असते, तिला कधीही हात लावू नका. दोन यंत्रं एकाच बोर्डावर आणली तरी पुष्कळदा घूं कमी होते.

प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामधली ही केबल बदलल्यावर सूर खरोखर बदलतो अशी घरात एकच जागा आहे, रेकॉर्ड प्लेअर. केबलमधली तार आणि जाळी मिळून एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विद्युत भार साठवणारी जोडी, बनतो. त्याची साठवण, म्हणजे कपॅसिटन्स, पिकोफॅरडमध्ये मोजतात, मीटरमागे साधारण ७० ते २५०. सीडी प्लेअरचा स्वतःचा आतला रोध ५०० ओहम आणि केबल १५० पिकोफॅरडची धरली, तर उंच सूर कापले जायला सुरुवात होते ती २० लाख हर्ट्झच्या आसपास. आपला कान २० हजारांवर थांबतो, त्यामुळे तिथे केबल बदलून काही होत नाही. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचं, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचं, तसं नाही. तिच्यात तारेचे हजारो वेढे असतात, इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला वेढ्यांचा होणारा विरोध, अर्ध्या हेन्रीच्या घरात. ती आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून झोपाळ्यासारखी एक जोडी तयार होते, तिला स्वतःचा एक लाडका सूर असतो. सव्वा मीटर केबल ७० पिकोफॅरडवाली घेतली आणि अँप्लिफायरच्या आतले १०० धरले, तर तो सूर १६ हजार हर्ट्झच्या वर राहतो, जिथे फारसं संगीत नसतं. २५० वाली घेतली तर तोच सूर ११ हजारांवर उतरतो. मग ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात, झांज चरचरते आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने विरून जातं. माझ्या विकतच्या केबलमध्ये कापडी वेणीखाली नेमकं हे दडलेलं होतं. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर लावल्यावर ती जवळजवळ २८० दाखवत होती. प्लेअरसाठी केबल घेताना मीटर सोबत न्यावा. तो नसेल तर केबल शक्य तेवढी आखूड ठेवावी, कारण लांबी अर्धी केली की कपॅसिटन्सही अर्धा होतो.

आता हातकाम. लहानपणी आमच्या बोळात कल्हईवाला यायचा. भात्याने निखारे फुलवायचा, पातेलं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवली की काळं पातेलं आरशासारखं व्हायचं. त्या धुराचं काम मला फार उशिरा कळलं. तांब्यावर ऑक्साइडचा थर असेल तर कथील त्याला धरत नाही, नुसते थेंब होऊन घरंगळतं. नवसागर तो थर खाऊन टाकतो. वायरीला डाख देताना हेच काम राळ करते. डाखाच्या तारेच्या पोटात ती भरलेलीच असते. वायरीला नवसागर किंवा आम्ल मात्र कधीही लावू नये, ते मागे राहून तांबं खात बसतं.

डाख ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असा मिळतो आणि १८३ अंशांपासून वितळू लागतो, तर निव्वळ कथलाला २३२ अंश लागतात. तार सोलून पीळ द्यावा आणि आधी तिला एकटीला कल्हई करावी, मग पिनेच्या पत्र्याला एकट्याला. नंतर दोन्ही टेकवून सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक जोडाला लावावं आणि डाख जोडावर टेकवावा, आयर्नवर नाही. धातू पुरेसा तापला की डाख पाण्यासारखा पसरतो, तारांच्या फटींत शिरतो आणि कडेला आत वळलेला, चकचकीत राहतो. तो थिजेपर्यंत दोन-तीन सेकंद हात हलता कामा नये. हलला तर जोड दाणेदार, मळकट दिसतो. मेकॅनिक त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. असा जोड आज वाजतो आणि दिवाळीला खरखरतो. शिसं असल्यामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, खिडकी उघडी असावी.

स्पीकरच्या टोकाला मात्र मी डाख देत नाही. स्क्रूखाली दाबलेला मऊ डाख हळूहळू सरकतो आणि पकड सैल पडते. तिथे स्वच्छ तांबं पिळून घट्ट आवळावं, नाहीतर लग, म्हणजे टोकाचं धातूचं टोपण, दाबून बसवावा.

नवी केबल तयार झाल्यावर मी भाच्याला पडद्यामागे बसवलं. त्याने नाणं उडवून दहा वेळा केबल लावायची, जुनी की नवी ते मी ओळखायचं. सीडी प्लेअरवर माझी पाच उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाण्याइतकीच. रेकॉर्ड प्लेअरवर दहाच्या दहा. निव्वळ नशिबाने असं १,०२४ वेळांतून एकदाच घडतं.

जुन्या केबलची सोनेरी पिन मी फेकली नाही. तिचा पत्रा घासून, कल्हई करून तीच नव्या केबलला लावली आहे. टोपणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. येत्या गड्ड्याच्या सुट्टीत ती उघडून जोड हिरवा पडलाय का, ते पाहणार आहे.