बोलणं गेलं, म्हणजे नेमकं काय गेलं?

अर्धांगवायूचा झटका आला की आमच्या गोव्यात, डिचोलीकडे एकच वाक्य कानावर येतं, "वाचा गेली हो त्याची." माझ्या काकांची गेली. वॉर्डात शेजारच्या खाटेवर पेडण्याचे एक गृहस्थ होते, त्यांचीही गेलेली. दोघांचं दुखणं वेगळं आहे हे कळायला आम्हांला तीन आठवडे लागले.

पेडण्याच्या गृहस्थांना डिसार्थ्रिया होता. यात ओठ, जीभ, टाळू, घसा यांचे स्नायू मेंदूचं नीट ऐकत नाहीत. शब्द मनात तयार असतो; बाहेर येताना लडबडतो, नाकातून येतो. वही दिली की ते "चष्मा द्या" असं सरळ लिहीत.

काकांना झाला होता वाचाघात, म्हणजे अफेजिया. यात जीभ धड असली तरी मेंदूतली भाषा विस्कटते. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते, म्हणून उजवी बाजू लुळी पडली तर वाचाघाताची शंका आधी घ्यावी. काका पाण्याला 'किल्ली' म्हणत, तेही स्पष्ट उच्चारात. मान हलवून 'हो' म्हणत आणि हवं असे 'नको'. वहीवर नुसत्या रेघोट्या, कारण लिहिणं हीसुद्धा भाषाच. आम्ही समजलो, डोकं गेलं. त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलू लागलो, आणि ते मला आजही सलतं. वाचाघातात समज कमी-अधिक बिघडू शकते, पण आठवणी, माणसांची ओळख, मानापमान शाबूत असू शकतात. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 साली ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, तो वर्षानुवर्षं 'तान' एवढंच बोलू शके, तरी हातवारे करून आपलं म्हणणं पोचवत असे.

चतुर्थीला काकांनी अख्खी आरती म्हटली. "बघा, येतं की बोलायला, मुद्दाम गप्प बसतात!" असं कोणीतरी म्हणालंच. मुद्दाम नव्हे. पाठ असलेलं गाणं, अंक, वारांची नावं वाचाघातातही पुष्कळदा टिकतात. नवं वाक्य जुळवणं निराळं काम आहे. सुरांचा हाच आधार घेणारी उपचारपद्धत अमेरिकेत 1973 साली मांडली गेली.

डिसार्थ्रियात धोका वेगळाच, गिळण्याचा. आजाऱ्याला पेज भरवायची आपली रीत. पण पातळ पेज सैल घशातून श्वासनलिकेत उतरू शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. झटका कोणताही असो, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडात घोटभर पाणीही घालू नये. डिसार्थ्रिया आणि वाचाघात दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतात, आणि कोणताही अचानक सुरू झाला तर निदान घरी करत बसू नये, 108 ला फोन करावा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यानंतर साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

स्पीच थेरपिस्टने विचारलं, घरची भाषा कोणती? काकांची शाळा, वाचन, भजन सगळं मराठी, म्हणून आम्ही मराठी सांगितली. चार चित्रं समोर ठेवून ती 'पाणी' म्हणाली. काका नुसते बघत राहिले. तेव्हा काकू म्हणाली, "अगो, आमी घरांत कोंकणी उलयतांव." थेरपिस्टने 'उदक' म्हटलं, आणि काकांनी तांब्यावर बोट ठेवलं.