तैलरंगातला चेहरा थराथराने का उभा राहतो?

जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन शोषतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि चिवट पापुद्रा धरतो. टप्प्याटप्प्याने रंगवलेल्या व्यक्तिचित्राचा क्रम मुख्यतः या वाळण्यानेच ठरतो.

सुरुवात कॅनव्हास मध्यम तपकिरी करण्यापासून. कोऱ्या पांढऱ्यावर कुठलाही रंग असतो त्याहून गडद दिसतो, हात आखडतो आणि सावल्या फिक्या राहतात. मग रेखाटन. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे साधारण निम्म्यावर येतात; नवशिके ते हमखास वर चढवतात आणि कवटी चपटी होते. हे इथेच दुरुस्त करावं. चुकलेलं माप पुढे कितीही सुंदर रंगाने झाकलं जात नाही.

आता अंबर हा तपकिरी मातीचा रंग टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे लवकर उडून जाणाऱ्या द्रावकात, पातळ करून फक्त उजेड आणि सावली मांडायची. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे गळतात, मोठे आकार उरतात. अंबरमध्ये मँगनीजचं ऑक्साइड असतं, ते तेलाच्या वाळण्याला वेग देतं. पातळ हात एक-दोन दिवसांत कोरडा होतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग मात्र वाळायला फार रेंगाळतो. तो खाली जाड लावला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. म्हणून खाली टर्पेंटाइन जास्त, वर जाताना तेल वाढवत न्यायचं.

त्वचेचा रंग हा सगळ्यात रंजक भाग. गाल, नाक, कान यांत रक्त पृष्ठभागाजवळ असल्याने ते तांबूस, कपाळ त्यामानाने पिवळसर. उजेड आणि सावलीच्या मधल्या छटेसाठी अनेक जण पांढऱ्यात काळा मिसळतात आणि चेहरा मातकट होतो. त्याऐवजी वाळलेल्या तपकिरीवर फिकट रंगाचा विरळ हात फिरवावा. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर धूर निळसर दिसतो, तसाच प्रकाशाच्या विखुरण्याने तो थर थंड, राखाडी भासतो. निळा रंग न वापरता!

गालावरची लाली पारदर्शक थराने येते: प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटून परत येतो. खालचा थर ओला असेल तर तो कुंचल्याबरोबर ओढला जातो.

डोळ्यातला पांढरा भाग मुळात पांढरा नसतो. वरच्या पापणीच्या सावलीत तो करडाच असतो. तिथे शुद्ध पांढरा भरला की डोळे बटबटीत दिसतात आणि बुबुळावरच्या चमकेच्या ठिपक्यासाठी त्याहून उजळ काही उरत नाही.

काही दिवसांनी गडद भाग मलूल दिसू लागले तर खालच्या थराने तेल ओढून घेतलंय असं समजावं. कोरड्या भागावर तेलाचा अगदी पातळ हात चोळून जादाचं पुसून टाकावं. नेहमीचं व्हर्निश, म्हणजे शेवटचा संरक्षक लेप, मात्र निदान सहा महिन्यांनी, जाड थरांवर वर्षाने.