शेजारी थाटलेले दुकान: मायक्रोसॉफ्ट स्टोअरमागची हकिगत

१२ फेब्रुवारी २००९ रोजी मायक्रोसॉफ्टने डेव्हिड पोर्टर यांना दुकानांच्या विभागाचे उपाध्यक्ष नेमले. त्या दिवशी कंपनीकडे दुकान एकही नव्हते. पोर्टर आले ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनमधून, पण त्यांची खरी उमेदवारी झाली होती वॉलमार्टमध्ये, तब्बल २५ वर्षे. ज्यांच्या हाताखाली ते काम करणार होते ते कंपनीच्या कारभाराचे प्रमुख केव्हिन टर्नर हेही मूळचे वॉलमार्टचेच. म्हणजे दुकानदारीत उतरायचे ठरल्यावर मायक्रोसॉफ्टने माणसे निवडली ती ढिगाने माल खपवण्यात हयात गेलेली.

वेळही चमत्कारिक होती. तीनच आठवड्यांपूर्वी कंपनीने पाच हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते, आणि मंदी ऐन भरात होती. तरी जुलै महिन्यात भागीदार कंपन्यांच्या मेळाव्यात टर्नर यांनी उघडपणे सांगून टाकले, की येत्या शरद ऋतूत आमची काही दुकाने उघडतील, आणि ती अ‍ॅपलच्या दुकानांना अगदी लागून असतील. दुकान उघडण्यापूर्वीच शेजाऱ्याचे नाव घेणारा दुकानदार विरळाच. ही ईर्ष्या कुठून आली हे पाहायचे तर आठ-दहा वर्षे मागे जावे लागते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अ‍ॅपलचा मॅक संगणक विकत घेणे हा एक उद्योगच होता. कॉम्प्यूएसएसारख्या मोठ्या साखळी दुकानांत मॅक कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असायचा, कधी बंद तर कधी धूळ खात. गिऱ्हाइकाने त्याच्याकडे नजर टाकलीच, तर विक्रेता त्याला हळूच विंडोजच्या रांगेकडे वळवायचा, कारण त्याच यंत्रांची त्याला माहिती असायची. अ‍ॅपलने त्याच दुकानांत ‘दुकानात दुकान’ थाटून पाहिले. त्याने थोडा फरक पडला, पण कोपरा कोपराच राहिला. अमेरिकेतल्या संगणक बाजारात अ‍ॅपलचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. शंभरातल्या उरलेल्या पंचाण्णव जणांच्या तर मॅकचा विचारही मनात येत नव्हता, आणि त्यांना तो आणून देणारे कुणी नव्हते. स्वतःचे दुकान ही अ‍ॅपलची हौस नव्हती. दुसऱ्याच्या दुकानात आपला माल विकला जात नाही म्हणून आलेली ती पाळी होती.

हे नीट लक्षात ठेवायला हवे, कारण मायक्रोसॉफ्टवर अशी पाळी कधी आलीच नव्हती.

संगणक कंपनीने स्वतःचे दुकान काढणे त्या काळी शहाणपणाचे समजले जात नसे, आणि त्याला गेटवेचे उदाहरण कारण होते. गाईच्या अंगावरचे काळे-पांढरे ठिपके मिरवणाऱ्या खोक्यांतून संगणक पाठवणाऱ्या या कंपनीने ‘गेटवे कंट्री’ नावाची दुकाने गावोगाव काढली होती. तिथे यंत्र पाहता येई, हाताळता येई, विक्रेत्याशी बोलता येई, पण घेऊन जाता येत नसे. मागणी नोंदवायची, रिकाम्या हाताने घरी जायचे आणि खोक्याची वाट पाहायची. माल साठवण्याचा खर्च वाचवायची ही युक्ती कागदावर ठीक दिसत असेल. पण पैसे मोजायला तयार असलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचे, हे कुठल्याही वाण्याला पटणार नाही. एप्रिल २००४ मध्ये गेटवेने उरलेली १८८ दुकाने एका फटक्यात बंद केली.

तरीही अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी स्वतःची दुकाने काढण्यासाठी टार्गेट या दुकानसाखळीतून रॉन जॉन्सन यांना आणले. गॅप या कपड्यांच्या दुकानसाखळीचे प्रमुख मिकी ड्रेक्सलर आधीच अ‍ॅपलच्या संचालक मंडळावर होते. त्यांचा सल्ला असा, की दुकान उघडण्याआधी गुपचूप एक खोटे दुकान उभारा आणि त्यात वावरून पाहा. त्याप्रमाणे एका गोदामात भिंती, टेबले, दिवे सगळे मांडून नमुना तयार झाला. काम जवळपास हातावेगळे झाले असताना जॉन्सन यांना उमगले, की मांडणी मुळातच चुकली आहे. त्यांनी यंत्रांच्या प्रकारांनुसार दुकान मांडले होते. मांडायला हवे होते ते माणूस त्या यंत्राने काय करतो यावरून. संगीत, घरगुती चित्रफिती, छायाचित्रे, असे. जॉब्झ आधी भडकले, आणि मग थोड्याच वेळात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले की जॉन्सन म्हणतो ते बरोबर आहे. मांडणी पुन्हा पहिल्यापासून झाली.

१९ मे २००१ रोजी पहिली दोन दुकाने उघडली, एक व्हर्जिनियातल्या टायसन्स कॉर्नरला, दुसरे कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला. सहा हजार चौरस फुटांची जागा, आणि विकायला संगणकांची जेमतेम चार घराणी. आयपॉड यायला अजून पाच महिने होते. इतक्या जागेत इतका थोडा माल मांडायचा म्हणजे भाडे डोक्यावर बसणार, हा हिशेब कुणीही मांडावा. एका नामांकित व्यापारी साप्ताहिकाने ही दुकाने का चालणार नाहीत याची कारणे छापली, आणि किरकोळ व्यापाराच्या एका सल्लागाराने दोन वर्षांत दिवे मालवावे लागतील असे भाकीत वर्तवले.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक उंच ओटा होता, त्याचे नाव ‘जीनियस बार’. कल्पना बड्या हॉटेलातल्या मदतनिसाच्या टेबलावरून घेतलेली. तिथे बसलेल्या माणसाला काहीही विचारा, उत्तर मिळेल. आणि त्यालाही सुचले नाही, तर ओट्यावर एक लाल टेलिफोन ठेवलेला होता. तो उचलला की थेट कुपर्टिनोच्या मुख्यालयाशी बोलणे. थोडे नाटकी होते खरे, पण त्या लाल फोनमध्ये या धंद्याचे सगळे मर्म होते. ज्याने यंत्र बनवले, ज्याने त्यातले सॉफ्टवेअर लिहिले आणि जो ते विकतो आहे, तो एकच. बिघाड कुणाचा, यावर टोलवाटोलवी करायला दुसरे कुणी शिल्लकच नव्हते. शिवाय विक्रेत्यांना विक्रीवर कमिशन नव्हते, त्यामुळे नुसतेच हाताळत बसलेल्या माणसाला उठवण्याची कुणाला घाई नसे.

पहिल्या शनिवार-रविवारी दोन दुकानांत मिळून ७,७०० माणसे आली आणि ५,९९,००० डॉलरचा माल गेला, असे अ‍ॅपलने सांगितले. तीन-एक वर्षांत दुकानांची वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरवर पोहोचली. मे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काचेचा घन उभा राहिला, २००७ च्या जूनमध्ये आयफोन आला, आणि दुकानासमोर रात्रभर रांग लावणे ही बातमी होऊन बसली.

मायक्रोसॉफ्टने या काळात काहीच केले नव्हते असे नाही. अ‍ॅपलच्याही आधी, १९९९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत सोनीने उभारलेल्या मेट्रिऑन या संकुलात तिने एक दुकान काढले होते. अ‍ॅपलने पहिली दुकाने उघडली त्याच वर्षी, २००१ मध्ये, ते बंदही झाले. कुणाला त्याची उणीव भासली नाही. भासायचे कारणच नव्हते. जगातल्या बहुतेक संगणकांत विंडोज आपसूक येत होते. डेल, एचपी, एसर हे सगळे मायक्रोसॉफ्टचे विक्रेतेच होते म्हणा ना, आणि त्यांचे भाडे मायक्रोसॉफ्टला भरावे लागत नव्हते.

मग अडले कुठे? आधी व्हिस्टाने. जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या या विंडोजने जुने प्रिंटर ओळखायला नकार दिला, जेमतेम ताकदीच्या यंत्रांवर ते रांगू लागले, आणि प्रत्येक पावलाला ‘परवानगी आहे का?’ असे विचारून त्याने माणसांना जेरीस आणले. दुसरीकडे २००६ पासून टीव्हीवर अ‍ॅपलच्या जाहिराती चालू होत्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन माणसे, एक सुटसुटीत कपड्यांतला तरुण ‘मॅक’, दुसरा ढगळ सुटातला, सतत काहीतरी बिनसलेला ‘पीसी’. मायक्रोसॉफ्टने ‘मी पीसी आहे’ म्हणत उलट जाहिराती केल्या, आणि थोड्या पैशांत लॅपटॉप शोधणारी माणसे दाखवली. त्या जाहिरातींवरून अ‍ॅपलच्या वकिलांचा आपल्याला फोन आला, हे टर्नर यांनी त्याच जुलैच्या मेळाव्यात मोठ्या खुशीत सांगितले.

तिसरे कारण कमी बोलले जाते, पण माझ्या मते तेच अधिक वजनाचे आहे. जिथे पीसी विकले जात ती दुकानेच कोसळत होती. कॉम्प्यूएसएने २००७ मध्ये गाशा गुंडाळायला घेतला. सर्किट सिटीने जानेवारी २००९ मध्ये सगळा माल काढून टाकून कायमचे बंद होण्याचे ठरवले. पोर्टर यांच्या नेमणुकीला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी, विंडोज ७ बाजारात आले त्याच दिवशी, अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेल इथे पहिले मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडले. आठवड्याभराने दुसरे, कॅलिफोर्नियात मिशन व्हिएहोच्या मॉलमध्ये. तिथे अ‍ॅपलचे दुकान आधीपासून होतेच. लांबलचक लाकडी टेबले, त्यांवर उघडी ठेवलेली यंत्रे, रंगीत टी-शर्टातली तरुण मुले, मागे ‘आन्सर डेस्क’. भिंतभर पसरलेले व्हिडिओ स्क्रीन तेवढे स्वतःचे. पुढे मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकात तर दोन्ही दुकाने अगदी समोरासमोर आली, आणि कोणाकडे किती गर्दी आहे ते मधल्या वाटेवर उभे राहून मोजता येऊ लागले. ती मोजणी पत्रकारांनी आनंदाने केली. मायक्रोसॉफ्टच्या बाजूने ती क्वचितच लागली.

नक्कल म्हणून या दुकानांची टिंगल झाली, पण त्यांच्यात एक गोष्ट अस्सल होती, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. ‘सिग्नेचर’ हे तिचे नाव. त्या काळात नवा लॅपटॉप घेतलेल्या कुणालाही आठवेल: खोके उघडून यंत्र चालू केले, की पडद्यावर पंधरा-वीस आगंतुक चिन्हे आधीच हजर. तीस दिवसांत मुदत संपणारा अँटिव्हायरस, कुणी न मागितलेली टूलबार, चाचणीपुरते खेळ, आणि यंत्र सुरू होतानाच धापा टाकणारे. संगणक बनवण्यात नफा चिमूटभर उरतो. म्हणून ही चिन्हे बसवण्याचे पैसे सॉफ्टवेअर कंपन्यांकडून घेऊन उत्पादक आपला गल्ला भरत. शिव्या मात्र विंडोजला बसत.

मायक्रोसॉफ्टला हे थांबवता का येत नव्हते? नव्वदच्या दशकात तिने उत्पादकांवर अशी बंधने घातली होती, आणि मक्तेदारीच्या खटल्यात जे आरोप तिच्यावर झाले त्यांत तीही होती. त्या खटल्याच्या तडजोडीने उत्पादकांना विंडोजवर इतरांचे सॉफ्टवेअर बसवण्याची, त्याची चिन्हे दाखवण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर हुकूम चालवता येत नाही. पण स्वतःच्या दुकानात माल निवडून, धुऊन-पुसून ठेवायला कोण अडवणार? मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधला लॅपटॉप बाहेरच्या दुकानातल्यासारखाच, फक्त आतला सगळा केर काढलेला. दुसरीकडे घेतलेले यंत्र आणले, तर ९९ डॉलर घेऊन तेही साफ करून मिळे.

आता यातली खोच पाहा. स्वतःच्या भागीदारांनी घातलेला केर स्वतःच्या दुकानात काढायचा, आणि वर त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे! अ‍ॅपलच्या लाल फोनच्या दुसऱ्या टोकाला यंत्राचा मालक बसला होता. इथे आन्सर डेस्कवरच्या माणसाने फोन केला असता तर कुणाला?

उत्तर २०१२ मध्ये मिळाल्यासारखे वाटले. मायक्रोसॉफ्टने सरफेस हे स्वतःचे टॅब्लेट यंत्र जाहीर केले आणि २६ ऑक्टोबरला ते विक्रीला आले, तेही सुरुवातीला मुख्यतः स्वतःच्याच दुकानांतून आणि संकेतस्थळावरून. दुकानांना शेवटी स्वतःचा माल मिळाला. भागीदारांना मात्र ते झोंबले. एसरच्या प्रमुखांनी मायक्रोसॉफ्टला पुन्हा विचार करा म्हणून जाहीरपणे बजावले होते. आणि मूठभर दुकानांतून नवे यंत्र किती खपणार? अ‍ॅपलची दुकाने तोवर तीनशेच्या वर गेली होती, मायक्रोसॉफ्टची अजून डझनांत मोजत होते. जुलै २०१३ मध्ये सरफेस आरटी या त्या पहिल्या सरफेसच्या न खपलेल्या मालापायी ९० कोटी डॉलर बुडीत धरावे लागले. त्याच उन्हाळ्यात बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानसाखळीच्या शेकडो शाखांमध्ये विंडोजसाठी वेगळा विभाग काढण्याचे ठरले. दुकानात दुकान, जे अ‍ॅपलने करून मागे टाकले होते, तेच.

तरीही दुकाने वाढत राहिली. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, अ‍ॅपलच्या काचेच्या घनापासून काही चौक अलीकडे, पाच मजली दालन उघडले. पाठोपाठ सिडनी आणि जुलै २०१९ मध्ये लंडनचे ऑक्सफर्ड सर्कस. पण सत्या नडेला यांच्या काळात कंपनीचा पैसा येत होता तो क्लाउडमधून, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने दिलेल्या संगणक-सेवांतून, आणि क्लाउड काही टेबलावर मांडून दाखवता येत नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळी दुकाने बंद झाली. २६ जूनला कंपनीने सांगितले की ती पुन्हा उघडणार नाहीत, आणि त्यापोटी ४५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला. न्यूयॉर्क, लंडन, सिडनी आणि कंपनीचे मुख्यालय असलेले रेडमंड या चार जागा तेवढ्या ‘अनुभव केंद्रे’ म्हणून राहणार होत्या. तिथे यंत्र पाहता येईल, हाताळता येईल, माणसांशी बोलता येईल, असे जाहीर झाले. विकत मात्र काही मिळणार नव्हते.