एनआरएफ-२ प्रथिन आणि वनस्पतिज संयुगे

पेशीतील संरक्षक जनुकांना एकाच वेळी चालना देणारे प्रथिन. माणसात ते ६०५ ॲमिनो अम्लांचे असते. वयाबरोबर त्याचा प्रतिसाद मंदावत जातो आणि ब्रोकोली, हळद, ग्रीन टी यांतील काही संयुगे तो वाढवू शकतात. म्हणून वार्धक्याच्या संशोधनात त्याला महत्त्व आले. ही संयुगे शरीरातील मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) थेट टिपून घेतात, असे सर्रास सांगितले जाते. पण रक्तात ती इतकी अल्प पोचतात की त्या कामातला त्यांचा वाटा नगण्य असतो. खरे तर ती पेशीला किंचित डिवचतात आणि त्या त्रासाला उत्तर म्हणून पेशी स्वतःचे संरक्षण वाढवते.

कार्यपद्धती : एरवी एनआरएफ-२ पेशीद्रवात कीप-१ या प्रथिनाच्या ताब्यात असते. कीप-१ मुळे त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढते आणि प्रोटिआसोम या पेशीतील विल्हेवाट-यंत्रणेत त्याचे तुकडे पडतात. त्यामुळे त्याचे अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांचे असते. ब्रोकोलीपासून मिळणाऱ्या सल्फोराफेनसारखा क्रियाशील रेणू कीप-१ मधील १५१ व्या स्थानावरच्या सिस्टीन या ॲमिनो अम्लाला चिकटला की ही विल्हेवाट थांबते. नव्याने तयार होणारे एनआरएफ-२ साठू लागते, केंद्रकात शिरते, माफ कुळातील लहान प्रथिनांशी जोडी जमवते आणि डीएनएच्या ठरावीक क्रमांवर बसते. तेथून दोनशेहून अधिक जनुकांवर त्याचा अंमल चालतो. ग्लुटाथायोन हे पेशीचे संरक्षक द्रव्य घडवणारी एंझाइमे, तसेच एनक्यूओ-१ आणि हीम ऑक्सिजनेज-१ ही संरक्षक एंझाइमे यांची जनुके त्यांतली ठळक. सल्फोराफेन बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जाते, मात्र त्याने घडवलेली एंझाइमे त्यानंतरही टिकून राहतात.

ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळे करून त्याचा एंझाइमे वाढवण्याचा गुण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पॉल टॅलॅले यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवला. तीन दिवसांच्या कोंबांत पक्व ब्रोकोलीच्या १० ते १०० पट ग्लुकोराफनिन (ज्यापासून सल्फोराफेन बनते ते द्रव्य) असते, हेही त्याच गटाने १९९७ मध्ये मांडले.

ब्रोकोली शिजवताना : भाजीत तयार सल्फोराफेन जवळजवळ नसतेच. असते ते ग्लुकोराफनिन, आणि त्यापासून वेगळे ठेवलेले मायरोसिनेज हे एंझाइम. चिरताना किंवा चावताना पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सल्फोराफेन बनते. उकळत्या पाण्यात मायरोसिनेज निकामी होते, शिवाय ग्लुकोराफनिनचा बराच भाग पाण्यात उतरतो आणि ते पाणी बहुधा ओतून दिले जाते. म्हणून भाजी बारीक चिरून ३० ते ४० मिनिटे तशीच ठेवावी आणि मग थोडा वेळ वाफवावी. कच्च्या ब्रोकोलीतही एक अडचण आहे : तिच्यातील दुसरे एक प्रथिन बराचसा माल सल्फोराफेनऐवजी नायट्राइल या निष्क्रिय संयुगाकडे वळवते. ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला नष्ट होते, मायरोसिनेज मात्र तेवढी उष्णता सोसते. गोठवलेली ब्रोकोली आधीच गरम पाण्यातून काढलेली असते, त्यामुळे तिच्यात मायरोसिनेज फारसे उरत नाही. मोहरीत मायरोसिनेज भरपूर असते. २०० ग्रॅम शिजलेल्या ब्रोकोलीवर १ ग्रॅम मोहरीची पूड घातली, तेव्हा लघवीतील सल्फोराफेनजन्य द्रव्ये चौपटीहून अधिक झाल्याचे आढळले आहे. पूड मात्र शिजवून झाल्यावर घालावी. फोडणीतल्या मोहरीचा यासाठी उपयोग नाही. कोंब कच्चे खायचे तर साल्मोनेला व ई. कोलाय यांचा धोका लक्षात घ्यावा. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते टाळावेत.

पुरावा : चीनमधील चीदोंग येथे २९१ जणांवर १२ आठवडे झालेल्या चाचणीत ब्रोकोलीच्या कोंबांच्या पेयामुळे हवेतील बेंझीन या विषारी प्रदूषकाचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. शरीराची विषनिवारणक्षमता वाढते एवढे यातून दिसते. माणसाचे आयुष्य वाढल्याचे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. द्राक्षांतील रेझव्हेराट्रॉल या संयुगाची कथा तर सावध करणारी आहे. ते वार्धक्याशी जोडल्या जाणाऱ्या सर्ट-१ या प्रथिनाला थेट उद्दीपित करते असा दावा २००३ मध्ये झाला. पुढे तो परिणाम प्रयोगशाळेतील चाचणीत वापरलेल्या चमकदार रंगद्रव्यावर अवलंबून असल्याचे लक्षात आले. अमेरिकेतील राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमात रेझव्हेराट्रॉल आणि हळदीतील कर्क्युमिन दोन्हींनी उंदरांचे आयुष्य वाढले नाही, रॅपामायसिन या औषधाने वाढले.

मर्यादा व धोके : एनआरएफ-२ सतत चालू राहणे घातक ठरते. फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत कीप-१ चे जनुक बिघडलेले असते आणि त्या अर्बुदपेशी याच संरक्षणाच्या जोरावर औषधांना दाद देत नाहीत. ओलिॲनोलिक अम्ल या वनस्पतिज संयुगापासून बनवलेले बार्डोक्सोलोन मिथिल हे एनआरएफ-२ चे प्रभावी उद्दीपक बळावलेल्या जुनाट मूत्रपिंडविकारात दिले असता हृदयनिकामीपणा वाढला आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपरीन दिले की शोषण कैकपटींनी वाढते, पण त्याबरोबर इतर औषधांचा चयापचयही मंदावू शकतो. अशा मिश्रणाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. ग्रीन टीच्या अर्कातील ईजीसीजी हे संयुग दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक झाल्यास यकृताची एंझाइमे रक्तात वाढतात (हे यकृतावरील ताणाचे लक्षण), असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले.

गोळ्या घेणाऱ्याने वेष्टनावर ग्लुकोराफनिन लिहिले आहे की सल्फोराफेन, हे आधी पाहावे. मायरोसिनेजविना नुसते ग्लुकोराफनिन असेल, तर रूपांतर आतड्यातील जीवाणूंवर सोपवलेले असते. ते सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास होते आणि माणसागणिक त्यात मोठा फरक पडतो.