हालचालीने सुरू होणारी भोवळ आणि हालचालीने वाढणारी भोवळ

‘मान हलवली की गरगरते’ अशी तक्रार दोन अगदी वेगळ्या आजारांचे रुग्ण जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. एकाला बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, म्हणजे बीपीपीव्ही झालेला असतो, तर दुसऱ्याला व्हेस्टिब्युलर न्युरायटिस, म्हणजे आंतरकर्णातून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या मज्जातंतूचा दाह. दोघांनाही मळमळते, दोघेही भिंत धरून चालतात, आणि पुष्कळदा दोघांच्याही बाबतीत मानेच्या मणक्यांवर नाहक ठपका येतो. त्यांना वेगळे करणारा प्रश्न मात्र साधा आहे: डोके अजिबात न हलवता पडून राहिल्यावर भोवळ पूर्ण थांबते, की नुसती सुसह्य होते? पूर्ण थांबत असेल तर हालचाल ही भोवळीला जन्म देते. नुसती सुसह्य होत असेल तर भोवळ आधीपासूनच आहे आणि हालचाल तिला भडकवते.

हा फरक का पडतो, ते आंतरकर्णाच्या रचनेतून कळते. तेथे युट्रिकल नावाची एक लहानशी पिशवी असून तिच्यातील चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात. या खड्यांच्या वजनामुळेच डोके कोणत्या बाजूला कलले आहे हे आपल्याला समजते. शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांचे काम वेगळे आहे. त्या आतील द्रवाच्या हालचालीवरून फक्त डोक्याचे फिरणे ओळखतात आणि गुरुत्वाकर्षणाशी त्यांना काहीही देणेघेणे नसते. युट्रिकलमधले खडे सुटून एखाद्या नलिकेत शिरले, की हा नियम मोडतो. नलिकांपैकी मागची नलिका सर्वांत खालच्या पातळीवर असल्यामुळे खडे बहुधा तिच्यातच साचतात. मग कूस बदलताना, वरच्या फळीवरचे काही काढायला मान मागे टाकताना किंवा अंथरुणावर आडवे होताना खडे घसरतात, द्रव ओढला जातो, आणि डोके स्थिर झाल्यावरही ते अजून फिरतेच आहे असा खोटा निरोप मेंदूला मिळतो. खडे घसरू लागायला काही सेकंद जातात, म्हणून भोवळही क्षणभर थांबून येते. ते तळाशी बसले की ती ओसरते, आणि हे सारे बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत आटोपते.

रुग्ण मात्र ‘दिवसभर चक्कर होती’ असेच सांगतो, कारण झटका सरल्यावरही मळमळ आणि तोल गेल्यासारखी भावना कित्येक तास रेंगाळते. माझ्या मते निदानातला बराचसा गोंधळ याच एका वाक्यातून सुरू होतो; म्हणून खोली प्रत्यक्ष किती वेळ फिरली, ते सेकंदांत विचारून घ्यावे.

खडे मुळात सुटतात कशामुळे, हे पुष्कळ रुग्णांत शेवटपर्यंत कळत नाही. उतारवय, डोक्याला बसलेला मार आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे ही ओळखीची कारणे आहेत, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते असे आढळते.

न्युरायटिसमध्ये सुटे खडे नसतात. डोके स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून मेंदूला सतत संदेश जात असतात आणि ते सारखे असले की मेंदू ‘आपण स्थिर आहोत’ असे समजतो. दाहामुळे एका बाजूचा तंतू मंदावला, तर उरलेल्या तफावतीचा अर्थ मेंदू ‘आपण निरोगी कानाच्या दिशेने फिरतो आहोत’ असा लावतो. ही तफावत झोपेत, जागेपणी, कोणत्याही स्थितीत कायम असते, त्यामुळे तीव्र भोवळ एक-दोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ टिकते आणि तोल पूर्वपदावर यायला आठवडे लागतात. यामागे बहुधा विषाणूंचा हात असावा, असे मानले जाते. ऐकू येण्यात फरक पडत नाही. तो पडला तर दाह आंतरकर्णापर्यंत पोहोचल्याची, म्हणजे लॅबिरिंथायटिसची शंका घ्यावी लागते.

मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी 1952 साली एकाच शोधनिबंधात या दोन्ही विकारांची मांडणी केली होती. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत रुग्णाला बसवून मान 45 अंशांनी वळवतात आणि डोके किंचित खाली लोंबेल अशा रीतीने त्याला झटकन आडवे करतात. मागच्या नलिकेत खडे असतील तर दोन-चार सेकंद काहीच घडत नाही. मग बुबुळे खालच्या कानाकडे पीळ घेत, कपाळाच्या दिशेने उसळू लागतात, आणि थोड्याच वेळात शांत होतात. न्युरायटिसच्या रुग्णालाही असे आडवे केल्यावर अधिक गरगरते, म्हणून ‘चक्कर आली का?’ या प्रश्नाचे उत्तर येथे फारसे उपयोगाचे नाही. पाहायचे ते डोळे. त्याची बुबुळे चाचणीच्या आधीपासूनच निरोगी कानाच्या दिशेने आडवी झटकत असतात. त्याला समोरच्याच्या नाकावर नजर रोखायला सांगून डोके आजारी बाजूला चटकन थोडेसे फिरवले, तर नजर डोक्याबरोबर सरकते आणि मग उडी मारून परत नाकावर येते. सतत भोवळ असूनही ही उडी दिसत नसेल, तर समाधान मानू नये. अशा वेळी लहान मेंदूच्या पक्षाघाताची शक्यता वाढते. बोलणे अडखळणे, दुहेरी दिसणे, हातपाय लुळे पडणे किंवा उभेच राहता न येणे यांपैकी काहीही सोबत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

उपचारांच्या वाटा तर जवळजवळ उलट आहेत. बीपीपीव्हीमध्ये जॉन एप्ली यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवून खडे नलिकेतून पुन्हा युट्रिकलमध्ये आणतात. काही मिनिटांचे हे काम पुष्कळदा पहिल्याच खेपेला साधते. चक्करीच्या गोळ्या खडे हलवू शकत नाहीत, तरी त्या महिनोन्महिने चालू ठेवल्या जातात, हे खटकते. न्युरायटिसमध्ये त्याच गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उलट्या आवरण्यापुरत्या कामी येतात. पुढे मात्र त्या बंद करून हालचाल वाढवावी लागते, कारण तफावतीशी जुळवून घ्यायला मेंदूला हालचालीचाच सराव हवा असतो.

हे दोन्ही आजार एकाच कानात एकापाठोपाठ येतात, तेव्हा घोटाळा आणखी वाढतो. न्युरायटिस बहुधा तंतूच्या वरच्या शाखेला ग्रासतो. ही शाखा युट्रिकलला जाते, मागच्या नलिकेला मात्र खालची शाखा जाते. त्यामुळे इजा झालेल्या युट्रिकलचे खडे सुटतात आणि शाबूत राहिलेली नलिका ते इमानेइतबारे नोंदवते. बरा होत आलेला रुग्ण काही आठवड्यांनी ‘पुन्हा सुरू झाले’ म्हणून परत येतो, तेव्हा जुना आजार उलटला असे गृहीत न धरता, निश्चल पडून राहिल्यावर भोवळ पूर्ण थांबते का, हे त्याला नव्याने विचारावे.