टाके, उशी आणि मॉर्फिन : औषधाविना वेदनाशमनाची पार्श्वभूमी

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिला खोकला येतो तेव्हा नर्स रुग्णाला उशी टाक्यांवर घट्ट दाबून धरायला सांगते. आधार मिळाला की खोकला सोसवतो. ही उशी, कूस वळवताना लावलेला हात, बर्फाची पिशवी, संथ श्वास, संगीत या सगळ्याला आता 'औषधविरहित वेदना व्यवस्थापन' म्हणतात. नाव अलीकडचं, काम फार जुनं.

१८४६ मध्ये बोस्टनला ईथर देऊन शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि टेबलावरची वेदना आवाक्यात आली. भूल उतरल्यानंतरची वेदना मात्र वॉर्डात, नर्सच्या वाट्याला राहिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या खोलीतल्या कुजबुजीवरही कडक ताशेरे ओढले. मानवी आवाज आणि सलग सूर धरणारी वाद्यं रुग्णाला बरी वाटतात, पियानोचे तुटक सूर त्रास देतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. पुढे मॉर्फिनची सुई सर्रास झाली, आणि अशा गोष्टी 'सेवा' म्हणून मागे पडल्या. उपचारांत त्यांची गणती होईना.

चित्र बदललं ते १९६४ मध्ये. बोस्टनमधले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणारे ९७ रुग्ण घेतले. त्यातल्या एका गटाला आदल्या दिवशी भेटून सांगितलं, की जखमेखालचे स्नायू आखडतात म्हणून जास्त दुखतं. ते सैल कसे सोडायचे, श्वास कसा घ्यायचा, हातापायांवर भार देऊन कसं वळायचं. शस्त्रक्रियेनंतरही जाऊन तेच पुन्हा समजावलं. या गटाला मादक वेदनाशामकं जवळपास निम्मी लागली. कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या सर्जननी या रुग्णांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. केवळ नीट सांगितल्यामुळे! मला हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो, कारण यात यंत्र नाही, खर्च नाही. लागतो तो वेळ, आणि वॉर्डात नेमका तोच अपुरा असतो.

पुढच्याच वर्षी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे संदेश आणि मेंदूकडून उतरणारे संदेश ते कमी-जास्त उघडतात. दुखऱ्या जागेशेजारी चोळल्यावर बरं का वाटतं, भीतीने दुखणं का वाढतं, याला शास्त्राची भाषा मिळाली. १९६८ मध्ये अमेरिकन नर्स मार्गो मॅकफरी यांनी रुग्ण म्हणेल ती वेदना, तो म्हणेल तेव्हा ती असते, अशी व्याख्या केली. आधी विश्वास, मग उपाय, हा क्रम तिथून रुजला.

मग नर्स स्वतः संशोधनात उतरल्या. मॅरियन गुड यांनी १९९९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ५०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: जबडा सैल सोडणं, संगीत, किंवा दोन्ही. तिन्ही गटांत, नुसत्या नेहमीच्या औषधोपचारांपेक्षा वेदना कमी नोंदल्या गेल्या. रुग्णांना वेदनाशामकं चालूच होती, हे विसरू नये. ती बंद करून केलेला हा प्रयोग नव्हता.

प्रत्येक दावा टिकला असंही नाही. हात न लावता 'ऊर्जा' वळवण्याची 'थेराप्यूटिक टच' ही पद्धत १९७० च्या दशकात नर्सिंगमध्ये पसरली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २१ जाणकारांना पडद्याआड आपल्या कोणत्या हाताजवळ दुसऱ्याचा हात आहे हे निम्म्या वेळाही ओळखता आलं नाही. अशी छाननी झाली हे चांगलंच झालं. त्यामुळे उरलेल्या पद्धतींची बाजू बळकट झाली.

दरम्यान अमेरिकेत ओपिऑइडचं, म्हणजे मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचं, व्यसन साथीसारखं पसरलं. २०१८ पासून तिथल्या 'जॉइंट कमिशन' या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मानकांनुसार रुग्णालयांना औषधविरहित उपायांचीही सोय ठेवावी लागते. यातले श्वासाचे आणि वळण्याचे धडे आजही शक्यतो शस्त्रक्रियेआधीच देतात, कारण दुखणं सुरू झाल्यावर नवीन काही शिकायचं त्राण रुग्णात उरत नाही.